बारावा स्क्रू

ताटलीत अकरा स्क्रू होते. सात लांब, चार आखूड. लॅपटॉपच्या पाठीला भोकं मात्र बारा होती. ऐश्वर्याने ताटली हलवून पुन्हा मोजले, टेबलाखाली वाकून बघितलं, फरशीवरून हात फिरवला. अकराच. डाव्या कोपऱ्यातलं बारावं भोक मोकळं होतं आणि त्याच्या कडेला नखाएवढा ओरखडा होता. लॅपटॉप जुना घेतलेला, नांदेडच्या एका दुकानातून. तिथेच एखादा स्क्रू हरवला असेल, असं तिने धरलं. ओरखडा ताजा दिसत होता, हे तिच्या लक्षात आलं. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती, कारण पाठ उचलल्यावर त्याहून वाईट गोष्ट दिसली होती.

तिच्या हातात नवीन एसएसडी होती, जुन्या हार्ड डिस्कऐवजी माहिती साठवायला. बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी रुंद, पातळ हिरवी पट्टी. काल संध्याकाळीच पार्सल आलं होतं. ही पट्टी लॅपटॉपच्या आत एका बारीक खाचेत बसते. या लॅपटॉपमध्ये ती खाच नव्हती. जिथे असायला हवी होती तिथे बोर्डावर पांढऱ्या रेघांत तिची नुसती आकृती होती, वर काहीही जोडलेलं नव्हतं. शेजारच्या मोठ्या चौकोनी कप्प्यात जुनी हार्ड डिस्क जाडजूड बसलेली होती.

शनिवारचे सकाळचे नऊ वाजले होते. सोमवारी दहा वाजता तिला हाच लॅपटॉप घेऊन कामाला बसायचं होतं.

काम तिच्या शिक्षणातलं होतं. नांदेडहून तिने भूगर्भशास्त्रात एमएस्सी केलं होतं, आणि पुण्यातली एक संस्था गावोगावच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी नकाशावर चढवून घेत होती. पुण्याच्या ऑफिसात यायचं किंवा घरून करायचं, असे दोन रकाने अर्जात होते. ऑफिसात मशीन त्यांचं. घरून करायचं तर मशीन आपलं, आणि आठवडाभर चाचणी. मशीन मागे पडलं तर जागा दुसऱ्याला. ऐश्वर्याने ‘घरून’ या रकान्यात खूण केली होती. दुसराही रकाना होता, हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

घर म्हणजे हट्टा गावात रस्त्याला लागून असलेलं धम्मानंद यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या. धम्मानंद म्हणजे तिचे पप्पा. तीस वर्षं त्यांनी विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळलेल्या मोटरी तांब्याच्या तारेने पुन्हा भरल्या. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. कप उचलला की बशी वाजायची. कॉइलची तार यंत्रावर गुंडाळणं अजून त्यांना जमायचं, पण त्या कॉइली मोटरच्या चोवीस खाचांत एकेक तार न सोलता बसवणं जमायचं नाही. ते काम आता ऐश्वर्या करायची. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं, पण बोलायचं कोणी नाही. मोटर धम्मानंदकडेच द्यायची, असंच सगळे म्हणायचे.

लॅपटॉपचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं तेही त्यांनीच. जानेवारीत एकदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या कोपऱ्याला टेकवलं, मूठ कानाला लावली, जशी मोटरला लावतात तशी, आणि सांगितलं, “बेअरिंग बोलून राहिली.”

“पप्पा, ही पाणबुडी मोटर न्हाई.”

“मग आत काय फिरून राहिलंय?”

तिने शोधून बघितलं तेव्हा कळलं की हार्ड डिस्कच्या आत खरोखरच एक मोटर असते, आणि ती मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेते. हे सांगितल्यावर पप्पा दिवसभर खूश होते. आल्यागेल्याला सांगत होते, “पोरीच्या कंप्युटरात मोटर हाय. साडेपाच हजार फेरे. अन् ती बी खराब.”

मग तिने मोजमाप घेतलं. लॅपटॉप सुरू व्हायला किती वेळ लागतो ते पाच वेळा मोजलं. सरासरी सहा मिनिटं बारा सेकंद. नकाशाचा प्रोग्रॅम तिसऱ्या पानावर गोठायचा. मेमरी पुरेशी होती, प्रोसेसर रिकामा बसायचा, आणि डिस्क मात्र सारखी शंभर टक्क्यांवर. म्हणजे आजार डिस्कचा होता आणि औषध एसएसडी. तिने पाच एसएसडींचा तक्ता केला: वेग, क्षमता, वॉरंटी, किती लिहिल्यावर थकते. लॅपटॉपच्या पाठीवरच्या पाटीवर मॉडेलचा नंबर होता, तो टाकून कंपनीच्या यादीत बघितलं. यादीत ‘खाच आहे’ असं लिहिलं होतं.

पप्पांनी तक्ता हातात घेतला होता. कागद थरथरायला लागला तसा टेबलावर ठेवून वाचला.

“उघडून बघितलं का?”

“गरज न्हाई. मॉडेल नंबर हाय ना.”

“पाटी बघून वाइंडिंग करत न्हाईत, माय.”

हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्यामागची गोष्टही तिला पाठ होती. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी किशनरावांची मोटर आली होती. पाटीवर पाच अश्वशक्ती लिहिलेलं. त्यांनी पाटी वाचून तार आणली आणि भरली. बॉडी एका मोटरची आणि आतलं पोट दुसरीचं निघालं. कोणीतरी आधी अदलाबदल केलेली. तिसऱ्या दिवशी मोटर जळली आणि किशनरावांचा गहू ऐन ओंबीत आठ दिवस कोरडा राहिला. किशनराव एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून पप्पांचा नियम झाला: आधी उघडायचं, वेढे मोजायचे, निघालेली तार तोलायची, तिची जाडी म्हणजे गेज मापायचा, वहीत लिहायचं, आणि मगच तार आणायला जायचं.

ऐश्वर्याला नियम माहीत होता आणि पटतही होता. तिने मुद्दामच लॅपटॉप उघडला नव्हता. त्याचं कारण तक्त्यात लिहिण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप उघडायचा तर पप्पांच्या टेबलावर, त्यांच्या हत्यारांनी, आणि पप्पा म्हणणार, आण इकडं, मी उघडतो. ते तिळाएवढे स्क्रू. हात थरथरणार, टोक घसरणार, आणि ते काही न बोलता ड्रायव्हर तिच्याकडे देणार. तिला ते बघायचं नव्हतं. म्हणून तिने पाटीवर विश्वास ठेवला.

आता पाठ उघडी होती आणि पप्पा समोर किशनरावांच्याच दुसऱ्या एका मोटरची कॉइल गुंडाळत बसले होते. यंत्राची मूठ फिरायची थांबली.

“बसत न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

ऐश्वर्याने वर बघितलं. त्यांनी मान वळवलीही नव्हती.

“तुम्हाला कसं कळलं?”

ते उठले. भिंतीला टांगलेली वाइंडिंगची वही काढली, जिच्यात तीस वर्षांत आलेली प्रत्येक मोटर लिहिलेली होती, आणि शेवटचं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. अक्षरं वाकडी होती, काही ओळीखाली उतरलेली.

‘ऐशूचं मशीन. बाहेरची पाटी वेगळी, आतल्या बोर्डावरचा नंबर वेगळा. पाठ दुसऱ्या मशीनची लावलेली. स्क्रू १२. आतला डबा लांबी १००.२, रुंदी ६९.९, जाडी ७.० मिमी. वजन ९३ ग्रॅम. पट्टीची खाच नाही.’

वर तारीख बुधवारची होती. बुधवारी ती परभणीला कागदपत्रांच्या कामाला गेली होती.

“तुम्ही उघडला होता?”

“व्हय.”

“मग सांगितलं काहून न्हाई? चार दिवस झाले.”

पप्पा थोडा वेळ टेबलावरची तारेची टोकं एका बाजूला सारत राहिले. “म्हणलं, तू एमएस्सी. काही जुगाड माहीत असंल. पट्टी बसवायचा.” मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढून तिच्यासमोर ठेवली. “आन् एक स्क्रू हरवला होता. हात घसरला. दोन दिवस हुडकला. काल सापडला, वार्निशच्या डब्याखाली.”

काडेपेटीत एक आखूड स्क्रू होता.

ऐश्वर्याने तो ताटलीत ठेवला. सात लांब, पाच आखूड.

मागच्या दारातून आई, रुक्माबाई, चहा घेऊन आली. तिने दोघांकडे बघितलं, उघड्या लॅपटॉपकडे बघितलं. “झालं का उघड? मला बुधवारीच म्हणलं यांनी, तिला सांगू नको. मी म्हणलं, मला काय करायचं. एक सांगत न्हाई, एक इचारत न्हाई. बाप-लेक नुसते एका गेजच्या तारेचे.”

“तू सांगायचं होतंस ना आई.”

“मला पाटी बी वाचता येत न्हाई आन् पोट बी,” आई म्हणाली आणि पप्पांचा कप अर्धाच भरून त्यांच्यापुढे ठेवला. अर्धा भरला की सांडत नाही.

जुन्या डिस्कच्या मापाची एसएसडी आणायला दहाच्या एसटीने बाप-लेक वसमतला निघाले. मार्च होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद शिजवायचं काम चालू होतं आणि खिडकीतून तो ओला, मातकट वास येत होता. पप्पांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता, गाडीच्या हादऱ्यात तो वेगळा दिसू नये म्हणून.

“पुण्याच्या हापिसात मशीन देतेत म्हने,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ऐश्वर्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“तू रद्दी म्हणून कागद देतीस ना मला. त्याच्यावर मी कॉइलचं माप काढतो. मागं छापलेलं असतंय.”

“ते इंग्रजीत होतं.”

“पुणे आन् ऑफिस एवढं वाचता येतंय.” मग थोड्या वेळाने, “माझ्यासाठी थांबत असशील तर थांबू नको. मोटरी काय, लोक हिंगोलीला नेतील.”

“तुमच्यासाठी न्हाई थांबले.” तिने चष्मा काढून ओढणीने पुसायला घेतला. “नोंदीतल्या पुष्कळ विहिरी आपल्याच भागातल्या हायत. सिद्धेश्वरच्या कालव्याखालच्या, पुसेगावकडच्या. काही अडलं तर जाऊन बघता येतं. पुण्यात बसून विहीर कशी बघणार?”

“बराबर हाय.”

गाडी एका थांब्यावर थांबली, दोन माणसं उतरली, पुन्हा निघाली.

“लहानपणापासून,” पप्पा म्हणाले, “खोटं बोलताना तू चष्मा पुसतीस.”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “विहिरींचं खरं हाय.”

“अर्धं खरं हाय,” ते म्हणाले. त्यांचा उजवा हात मात्र त्यांनी आता दाबून धरला नव्हता. तो गुडघ्यावर आपला आपला हलत होता.

कंप्युटरच्या दुकानात मालक उत्तमसिंग स्वतः काउंटरवर होते. ऐश्वर्याने वहीतलं माप सांगितलं तसे त्यांनी दोन डबे पुढे सरकवले. दोन्हींतल्या एसएसडी जुन्या डिस्कच्याच आकाराच्या चौकोनी डबीत होत्या, तळहातावर मावतील एवढ्या. एक प्लास्टिकची, एक धातूची.

“बेटी, यह वाला ज्यादा फास्ट है,” त्यांनी प्लास्टिकच्या डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं.

“ह्या जोडणीत दोन्ही सारख्याच चालतील,” ऐश्वर्या म्हणाली. “जोडणी जेवढं जाऊ देते तेवढंच जाणार.”

“पाइप दोन इंचीच असला तर मोटर मोठी घेऊन काय करायचं,” पप्पा म्हणाले.

“तेच.”

त्यांनी दोन्ही डब्या दोन तळहातांवर घेतल्या. धातूची जड होती. त्यांच्या धंद्यात जड म्हणजे तांबं जास्त. “ही घे,” ते म्हणाले.

“वजन बघू नका पप्पा. आत अर्धी डबी मोकळीच असते.”

“मोकळी? मग एवढी डबी काहून देतेत?”

“जुन्या जागेत बसावी म्हणून.”

पप्पांनी डबी उलटीसुलटी करून बघितली. हे त्यांना आवडलेलं दिसलं. मग खिशातून व्हर्नियर काढून तिची जाडी मापायला लागले. जबडे थरथरत डबीवर टकटक वाजले. ऐश्वर्याने डबी काउंटरवर टेकवून धरली, आणि माप लागलं. सात पूर्णांक शून्य.

“काकाजी, सोना तोल रहे हो क्या?” उत्तमसिंग म्हणाले.

“सोनं असतं तर पाटी वाचून घेतलं असतं,” पप्पा म्हणाले.

आता प्रश्न उरला दोनांतली कोणती. ऐश्वर्याने डब्यांवरचं बारीक अक्षर वाचलं. एसएसडीवर किती लिहिता येईल याला मर्यादा असते. प्लास्टिकच्या डबीची मर्यादा एकशे साठ टीबी होती, धातूच्या डबीची तीनशे. रोज वीस जीबी लिहिलं, असं धरून तिने मोबाइलवर हिशोब केला. “ही बावीस वर्षं, ही एकेचाळीस.”

“बावीसवाली घे. एकेचाळीस वर्षं मी काय जगत न्हाई.”

“लॅपटॉप माझा हाय.”

“तू तवर दुसरी घेशील.”

“वॉरंटी प्लास्टिकवालीला तीन वर्षं, धातूवालीला पाच.”

“मग पाचवाली घे,” पप्पा लगेच म्हणाले. वॉरंटी देणारा माणूस पुढे भेटतो की नाही यावर त्यांचा सगळा धंदा उभा होता. अशा तऱ्हेने धातूची डबी घेतली, जी वजनाने त्यांनी आधीच निवडली होती. हे त्यांनी परतीच्या गाडीत दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर जेवणं झाली आणि टेबल पुसून घेतलं. ऐश्वर्याने आधी बॅटरीची तार सोडवली, मग जुनी डिस्क काढली. पप्पांनी ती तांब्याची तार तोलायच्या तराजूत ठेवली. त्र्याण्णव ग्रॅम. नवी ठेवली. एकेचाळीस.

“बावन्न ग्रॅम कमी भरून राहिलीस,” ते म्हणाले. निघालं तेवढं वजन परत घालायचं, हाही त्यांचा नियम होता.

“ते बावन्न मोटरचे हायत. फेरे मारणाऱ्या चकतीचे. आता आत काही फिरणारच न्हाई.”

“काहीच न्हाई?”

“काहीच न्हाई.”

त्यांनी जुनी डिस्क कानाशी नेऊन हलवली आणि वार्निशच्या डब्याशेजारी जपून ठेवली. कधीतरी उघडून ती मोटर बघायची होती.

नवी डबी कप्प्यात सरकली आणि जोडणीत टक् करून बसली. कुठे घासली नाही, कुठे हलली नाही. ऐश्वर्याने पाठ लावली आणि स्क्रू घालायला घेतले. सात लांब, मग चार आखूड. डाव्या कोपऱ्यातल्या बाराव्या भोकाशी ती थांबली. ओरखड्याच्या कडेला धूळ बसायला लागली होती.

तिने ड्रायव्हर उलटा धरून मूठ पप्पांकडे केली.

“तूच लाव,” ते म्हणाले.

“तुम्ही काढला, तुम्ही लावा.”

त्यांनी ड्रायव्हर घेतला. पहिल्यांदा टोक भोकाच्या बाहेर टेकलं. दुसऱ्यांदा स्क्रू आडवा झाला आणि ताटलीत पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हात मागे घेतला आणि ऐश्वर्याला वाटलं, आता ते ड्रायव्हर परत देणार. कॉइल भरताना मनगट टेकवायला दुकानात एक लाकडी ठोकळा होता. ती लहान असताना पप्पांनी तिच्यासाठी केलेला, कारण तिचा हात तेव्हा मोटरच्या कडेपर्यंत पोचायचा नाही. तिने तो शोधून आणला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला. पप्पांनी त्यावर मनगट टेकवलं. मनगट स्थिर झालं. बोटं हलत होती. तिने स्क्रू चिमट्याने भोकावर उभा धरला आणि वाट बघितली. घाई करायचं काही कारण नव्हतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, हळदीची पोती घेऊन. आई दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. टोक खाचेत बसलं, निसटलं, पुन्हा बसलं. मग एक फेरा झाला. मग अर्धा. मग आणखी एक.

“झाला,” ते म्हणाले.

“आणखी पाव फेरा.”

त्यांनी पाव फेरा दिला.

पुढचा तासभर पेनड्राइव्हवरून सगळं नव्याने चढत राहिलं. तेवढ्या वेळात ऐश्वर्याने किशनरावांच्या मोटरच्या नऊ खाचा भरल्या आणि पप्पांनी तिला खाचांतल्या तारा दाबून धरायला बांबूच्या पट्ट्या कापून दिल्या. त्या थोड्या वाकड्या कापल्या गेल्या, पण खाचेत बसल्या. नकाशाचा प्रोग्रॅम चढवला, तिसरं पान उघडलं, चौथं, पुढे चाळिसावंही उघडलं. पप्पांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपच्या कोपऱ्याला टेकवून मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

मग ऐश्वर्याने लॅपटॉप पूर्ण बंद केला, मोबाइलवरचं घड्याळ शून्यावर आणलं, आणि सुरू होण्याचा वेळ पाच वेळा मोजला. वही पप्पांनी तिच्याकडे सरकवली, पण तिने ती परत त्यांच्यापुढे ठेवली आणि आकडे सांगत गेली. त्यांनी ठोकळ्यावर मनगट टेकवून बुधवारच्या नोंदीखाली लिहिलं:

‘शनिवार. निघालं ९३ ग्रॅम, बसलं ४१ ग्रॅम. जाडी ७.० मिमी. स्क्रू १२. आवाज नाही. सुरू व्हायला आधी ६ मिनिटं १२ सेकंद, आता १७ सेकंद.’